कागद फाडणारा मुलगा: शिकागोच्या साउथ साइडवरील मुले, त्यांचे दुःख आणि कविता

तुमचा प्रश्न मी दोन-तीनदा वाचला. तुम्ही मूळच्या साताऱ्याच्या, सध्या शिकागोच्या उपनगरात राहता आणि गेल्या सप्टेंबरपासून दर मंगळवारी साउथ साइडवरील एका चर्चच्या तळघरात, शाळा सुटल्यानंतर भरणाऱ्या वर्गात, आठ ते अकरा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांबरोबर कवितेचे काम करता. त्यांतल्या एका मुलाचा मोठा चुलतभाऊ उन्हाळ्यात गोळी लागून गेला. ‘तुम्हाला खूप दुःख झाले असा प्रसंग लिहा’ असे तुम्ही सांगितल्यावर चौदापैकी तिघांनी काहीतरी खरडले, बाकीची गप्प बसली आणि त्या मुलाने कागद फाडून टेबलाखाली टाकला व तो बाहेर निघून गेला. आपले काय चुकले, आणि मुळात बाहेरच्या माणसाने हे काम करावे का, असे तुम्ही विचारले आहे. मी या शहरात परवानाधारक सोशल वर्कर म्हणून १९ वर्षे काम करीत आले आहे आणि त्यांतली १२ वर्षे मुलांच्या कवितागटांबरोबर गेली आहेत, त्यामुळे उत्तर लांबणार आहे. खाली येणाऱ्या मुलांचे तपशील ओळख पटू नये इतपत बदलले आहेत.

प्रथम त्या फाडलेल्या कागदाविषयी. माझ्या मते त्या मुलाने जे केले ते त्याच्या दृष्टीने पूर्ण शहाणपणाचे होते. या वस्तीतल्या बहुतेक घरांत मुलांना लहानपणापासून बजावले जाते की या घरात जे घडते ते या घरातच राहील. आपल्याकडेही झाकली मूठ सवा लाखाची म्हणतात, परंतु आपली मूठ बहुधा अब्रूसाठी झाकलेली असते. येथे तिच्यामागे वेगळी भीती आहे. शाळेत बोललेले एक वाक्य बालकल्याण खात्यापर्यंत किंवा पोलिसांपर्यंत जाते आणि मग घरातले मूल दुसरीकडे नेऊन ठेवले जाते, हे या कुटुंबांनी ऐकलेले असते, कित्येकांनी पाहिलेले असते. अशा मुलापुढे अनोळखी मोठ्या माणसाने कोरा कागद ठेवून दुःख लिहायला सांगणे म्हणजे त्याच्या घराची किल्ली मागण्यासारखेच आहे.

दुसरे कारण अधिक खोल आहे. कृष्णवर्णीय मुलांकडे मूल म्हणून पाहिलेच जात नाही, हे आता अभ्यासांतूनही नोंदले गेले आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या मानसशास्त्रीय संशोधनात कृष्णवर्णीय मुलगे मोठ्यांना प्रत्यक्ष वयापेक्षा थोराड आणि कमी निरागस वाटतात असे आढळले; जॉर्जटाउन विद्यापीठाच्या विधी केंद्राने २०१७ साली मुलींविषयी हेच दाखवले, आणि त्यातही विशेषतः पाच ते चौदा या वयोगटातल्या मुलींना आधाराची, संरक्षणाची आणि समजुतीची गरज कमी असते असे मोठ्यांना वाटत असल्याचे नोंदवले. अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या २०१३-१४ च्या आकडेवारीत शाळापूर्व वर्गांतील मुलांमध्ये कृष्णवर्णीय मुले १९ टक्के होती, पण त्या वयात एकदा तरी शाळेबाहेर निलंबित झालेल्या मुलांमध्ये मात्र ४७ टक्के. तीन-चार वर्षांच्या मुलांना निलंबित करतात, हेच आपल्याला प्रथम खरे वाटत नाही. एखाद्या मुलाने खुर्चीला लाथ मारली तर ती दुःखाची लाथ आहे की धमकीची, हे पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर ठरते, आणि हे डोळे आपल्याला कसे पाहतात ते मुलाला फार लवकर कळते. भावना दाखवली की तिची किंमत मोजावी लागते, हा त्याचा अनुभव असतो. पॉल लॉरेन्स डनबार या कृष्णवर्णीय कवीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुखवट्यावर लिहिलेली कविता येथे आजही शाळांमधून वाचली जाते. हसरा मुखवटा चढवून जग फसवायचे आणि आतले रडणे आतच ठेवायचे, एवढाच तिचा विषय आहे. तुमच्या वर्गातल्या मुलांनी ती वाचलेली नसेल, पण तो मुखवटा त्यांना घालता येतो.

तिसरे कारण साधे आहे. कागद ही शाळेची वस्तू आहे. त्यावर लाल पेन फिरतो, आणि शिक्षा म्हणून एकच वाक्य पन्नास वेळा लिहायचे तेही त्यावरच.

तेव्हा तुमचे चुकले ते क्रमात. तुम्ही कवितेकडे काटा काढायचा चिमटा म्हणून पाहिलेत, आणि तसे पाहणारे आमच्या व्यवसायातही पुष्कळ आहेत. भावनांविषयी लिहिल्याने प्रकृतीला फायदा होतो, या समजुतीमागे मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांचा १९८६ चा प्रयोग आहे: महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटे आपल्या क्लेशकारक अनुभवांविषयी लिहिले आणि पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या आरोग्य केंद्रातल्या खेपा कमी झाल्या. तो प्रयोग महत्त्वाचा आहे, परंतु ते विद्यार्थी प्रौढ होते, खोलीत एकटे बसून लिहीत होते आणि पुन्हा त्याच घटनेच्या गल्लीतून घरी जाणार नव्हते. नऊ वर्षांच्या मुलाला त्या कृतीचा तोच उपयोग होईल असे गृहीत धरता येत नाही. माझ्या अनुभवात लहान मुलाला हलके वाटते ते लिहिण्याने थोडे आणि ऐकले जाण्याने पुष्कळ. त्यामुळे आधी ऐकणारी माणसे जमवावी लागतात, त्यांना ऐकायला शिकवावे लागते, आणि कविता त्यानंतर येते.

ही काही माझी नवी कल्पना नाही. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय समाजाने ही व्यवस्था शंभर वर्षांपूर्वीच उभी केलेली आहे, आणि तुम्ही तिच्यात उशिरा आलेल्या पाहुण्या आहात, हे ध्यानात ठेवले तर पुष्कळ गोष्टी सोप्या होतील. १९१९ च्या उन्हाळ्यात शिकागोसह अनेक शहरांत वांशिक दंगली झाल्या. त्याच वर्षी कृष्णवर्णीय विचारवंत आणि संपादक डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी आपल्या मासिकात एका बारा वर्षांच्या मुलीच्या पत्राचा उल्लेख केला; गोरा माणूस माझा जितका द्वेष करतो तितकाच, किंबहुना जास्तच, मी त्याचा करते, असे तिने लिहिले होते. ड्यू बॉइस त्या पत्राने अस्वस्थ झाले, कारण मुलांपासून झुंडबळीच्या बातम्या लपवणेही शक्य नव्हते आणि त्या वाचून मुलांच्या मनात द्वेष साचू देणेही परवडणारे नव्हते. त्यातून जानेवारी १९२० मध्ये ‘द ब्राउनीज बुक’ हे मुलांचे मासिक निघाले. जेसी फॉसेट त्याच्या साहित्य संपादक होत्या. दोन वर्षांत त्याचे २४ अंक निघाले आणि मग पैशांअभावी ते बंद पडले. पण शाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या आणि पुढे मोठे कवी झालेल्या लँग्स्टन ह्यूज यांच्या सुरुवातीच्या कविता त्यातच छापल्या गेल्या. (हेच ते ड्यू बॉइस, ज्यांना डॉ. आंबेडकरांनी १९४६ साली पत्र लिहिले होते.) मुलांच्या रागाला उत्तर म्हणून त्यांनी उपदेश छापला नाही, मुलांचे फोटो, त्यांची पत्रे, गोष्टी, खेळ आणि कविता छापल्या. रागावलेल्या मुलीला तिच्यासारख्या शेकडो मुलांच्या सहवासात बसवण्याची ती युक्ती होती.

दुसरे उदाहरण १९६४ चे. त्या उन्हाळ्यात मिसिसिपी राज्यात मतदान हक्कांच्या चळवळीने चाळीसहून अधिक फ्रीडम स्कूल, म्हणजे कृष्णवर्णीय मुलांसाठीच्या मोफत उन्हाळी शाळा, चालवली. मॅकोम गावात हिंसाचार इतका होता की भीतीपोटी कुणी शाळेला जागा देईना, आणि बॉम्ब पडलेल्या एका घराच्या अंगणात वर्ग भरू लागले. तेथल्या एका शाळकरी मुलीने त्यावर कविता लिहिली. ती गावातल्या वडीलधाऱ्यांपर्यंत पोहोचली आणि शाळेला छप्पर मिळाले. मुलांच्या कवितेने मोठ्यांना लाज वाटावी आणि त्यांनी दार उघडावे, असे क्वचितच घडते, पण मी नव्या स्वयंसेवकांना ही गोष्ट नेहमी सांगते, कारण त्या मुलीला भावना व्यक्त करण्याचा सराव करायचा नव्हता. तिला कुणाला तरी काही सांगायचे होते.

आणि तुमच्या चर्चपासून फार दूर नसलेल्या ब्राँझव्हिल भागात ग्वेन्डोलिन ब्रूक्स वाढल्या. पुलित्झर पारितोषिक मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय लेखिका, साल १९५०. १९६८ मध्ये त्या इलिनॉय राज्याच्या राजकवी झाल्या आणि त्यानंतर अनेक वर्षे त्यांनी शाळाशाळांतून फिरून मुलांच्या कविता ऐकल्या, स्पर्धा घेतल्या आणि बक्षिसांचे पैसे स्वतःच्या पदरचे घातले. त्यांचे ‘ब्राँझव्हिल बॉइज अँड गर्ल्स’ हे १९५६ चे पुस्तक तुम्ही आजच ग्रंथालयातून आणा. त्यातल्या बहुतेक कवितांच्या शीर्षकात एकेका मुलाचे नाव आहे. वादळाला घाबरणाऱ्या मायकेलची कविता त्यात आहे: तो आता नऊ वर्षांचा होत आला आहे, रडणे त्याला शोभत नाही, पण आईच्या हाताला हळूच स्पर्श केला तर कदाचित कुणाला दिसणार नाही, असा त्याचा हिशेब चाललेला असतो. दुःख, भीती, आघात हे शब्द न उच्चारता मुलग्यांशी भीतीविषयी बोलायला याहून चांगली वाट मला सापडलेली नाही. मी ती वाचते आणि एवढेच विचारते, ‘मायकेल कुणाला फसवतो आहे?’ मग मुलांची तोंडे उघडतात, आणि ती मायकेलविषयीच बोलत असतात, अशी आम्ही सगळेच समजूत करून घेतो.

आता बसण्याच्या व्यवस्थेविषयी, जी मला कवितेइतकीच महत्त्वाची वाटते. टेबले भिंतीला लावा आणि खुर्च्या गोल मांडा. हिप-हॉपच्या जगात अशा गोलाला सायफर म्हणतात आणि मुलांना तो शब्द ठाऊक असतो. चर्चमधला प्रार्थनेचा गोलही त्यांच्या ओळखीचा असतो. गोलात किमान दोन मोठी माणसे त्या वस्तीतलीच हवीत. हा माझा एकमेव नियम आहे ज्यात मी सूट देत नाही. एखादी आजी, चर्चमधल्या ज्या वृद्ध स्त्रियांना सगळे आदराने ‘मदर’ म्हणतात त्यांपैकी एक, कोपऱ्यावरच्या केशकर्तनालयातला न्हावी, पूर्वी याच वर्गात येऊन आता हायस्कुलात गेलेला मुलगा, कुणीही चालेल. पण तुम्ही घरी परतल्यावर बुधवारी सकाळी मुलाला रस्त्यात भेटेल असे माणूस हवे. तुमच्यापुढे वाचलेले दुःख दर मंगळवारी सहा वाजता तुमच्या गाडीतून उपनगरात निघून जाते. शेजारच्या आजींपुढे वाचलेले दुःख गल्लीतच राहते, आणि दुसऱ्या दिवशी त्या त्याला हाक मारून जेवलास का विचारतात.

या समाजात ऐकणे हे गप्प बसून होत नाही, हे आपल्याला शिकून घ्यावे लागते. आपल्या शाळेत ऐकणे म्हणजे हाताची घडी आणि तोंडावर बोट. येथे चर्चमध्ये प्रवचनकार अडखळला, गाणाऱ्या बाईचा गळा दाटला की बाकांवरून आवाज येतो, ‘टेक युअर टाइम’. घाई नाही, आम्ही आहोत, असा त्याचा अर्थ. कविता वाचताना आवडलेल्या ओळीला मुले बोटांनी चुटकी वाजवतात, ‘म्हण, म्हण’ अशा अर्थाचे हुंकार देतात. मी पहिल्या दोन आठवड्यांत मुलांकडून स्वतःची एक ओळही लिहून घेत नाही. फक्त छापलेल्या कविता मोठ्याने वाचतो आणि प्रतिसाद द्यायला शिकतो. एक ओळ मी म्हणायची, पुढची सगळ्यांनी. ज्याला वाचायचे नाही त्याने ‘पास’ म्हणायचे, आणि पास म्हणणाऱ्याला कारण विचारायचे नाही, अगदी वर्षभर पास म्हटले तरी. माझ्या गटात एक मुलगी सात महिने पास म्हणत होती. त्या सात महिन्यांत ती सर्वांत मोठ्याने चुटक्या वाजवत असे.

वाचून झाल्यावर ‘किती छान’ म्हणायचे टाळा. छान म्हणणे हा गुण देण्याचाच प्रकार आहे, आणि भावाच्या मृत्यूविषयीच्या चार ओळींना गुण कसले द्यायचे? त्याऐवजी ऐकलेली एखादी ओळ जशीच्या तशी परत म्हणून दाखवा. ‘तू म्हणालास, त्याचे बूट अजून दारातच आहेत.’ एवढे पुरते.

लिहायची वेळ येईल तेव्हा मोकळा कागद देऊ नका, साचा द्या. मोकळ्या कागदावर दुःख पसरते. साच्यात त्याला कडा मिळतात. मी सर्वांत जास्त वापरते तो ब्लूज गाण्यांचा, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या दुःखगीतांचा, तीन ओळींचा साचा, कारण तो याच लोकांनी, मिसिसिपीतून याच शहरात येताना बरोबर आणला. पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचे. वाटायला सोपे आहे, पण दुसऱ्यांदा म्हणण्यात मोठी किमया आहे: पहिल्यांदा मूल ओळ ओठांतून कशीबशी सोडते, दुसऱ्यांदा स्वतःच ऐकते, आणि तेवढ्या वेळात तिसरी ओळ सुचते. दहा वर्षांच्या एका मुलीने लिहिलेले मला अजून आठवते, माझ्या मराठीत ते असे होईल: ‘पहाटे फोन वाजला, आई उठून बसली, पहाटे फोन वाजला, आई उठून बसली, तेव्हापासून आमच्याकडे कुणी गाणे लावत नाही.’ मला हे ऐकताना जात्यावरच्या ओव्या आठवल्या, पण ते मी तिला सांगितले नाही. तो माझा संबंध होता, तिचा नव्हे.

दुसरा साचा क्वान्साबा. ईस्ट सेंट लुईसचे कवी यूजीन रेडमंड यांनी तो १९९५ मध्ये तयार केला: सात ओळी, प्रत्येक ओळीत सात शब्द, आणि कोणताही शब्द सात अक्षरांहून मोठा नको. मुळात हा स्तुतीचा प्रकार आहे, त्यामुळे गेलेल्या माणसाविषयी लिहायला तो फार उपयोगी पडतो. मृत्यू कसा झाला ते लिहायचे नाही, माणूस कसा होता ते लिहायचे. मुले बोटांवर अक्षरे मोजू लागतात आणि मोजण्यात हात व डोके गुंतले की हृदयावरचा ताण कमी होतो. शिवाय इंग्रजी स्पेलिंगच्या हिशेबाने ‘ब्रदर’ बरोबर सात अक्षरांचा आहे, ‘ग्रँडमा’ सात, ‘फ्युनरल’ सात आणि ‘शिकागो’ही सातच. ‘डिप्रेशन’ बसत नाही, ‘व्हायलन्स’ बसत नाही, बातम्यांतले मोठे शब्द दारातच अडतात. एका मुलाला ‘बास्केटबॉल’ बसेना म्हणून त्याने भावाच्या चेंडूचा रंग, त्यावरचा ओरखडा आणि तो जमिनीवर आपटल्याचा आवाज लिहिला.

थोड्या मोठ्या मुलांसाठी ‘गोल्डन शॉव्हेल’ आहे. कवी टेरन्स हेज यांनी ब्रूक्स यांच्या एका छोट्या कवितेवरून २०१० च्या सुमारास तो रूढ केला: जुन्या कवितेतला एकेक शब्द आपल्या ओळीच्या शेवटी ठेवायचा, म्हणजे उजव्या काठाने वरून खाली वाचले की मूळ ओळ दिसते. मी यात थोडा बदल करते. मुलाने घरी जाऊन आजीचे किंवा मावशीचे नेहमीचे एक वाक्य ऐकून यायचे आणि त्या वाक्यातले शब्द ओळींच्या शेवटी ठेवायचे. कविता मुलाची, काठ आजीचा. वाचनाच्या दिवशी आजी हजर असल्या तर त्यांना आपले वाक्य ऐकू येते तेव्हा त्यांच्या चेहऱ्याकडे पाहावे.

भाषेविषयी मात्र कळकळीने सांगते, कारण आपल्यासारखी इंग्रजी शाळेत कष्टाने शिकलेली माणसे येथे हमखास चुकतात. ही मुले घरी जी इंग्रजी बोलतात ती चुकीची इंग्रजी नाही. तिला स्वतःचे व्याकरण आहे. १९७९ मध्ये मिशिगनमधल्या अ‍ॅन आर्बरच्या शाळांविरुद्ध लागलेल्या निकालात संघीय न्यायालयाने मुलांची घरची बोली ओळखून शिकवायला शिक्षकांना तयार करा, असा आदेश दिला होता. एक उदाहरण देते. मूल लिहिते, ‘माय मामा टायर्ड’, आणि दुसरे मूल लिहिते, ‘माय मामा बी टायर्ड’. शाळेची इंग्रजी दोन्ही वाक्ये खोडून एकच वाक्य लिहील. पण पहिल्याचा अर्थ आई आत्ता थकलेली आहे, आणि दुसऱ्याचा अर्थ आई थकलेली असते, रोज, नेहमी. पाहा, मराठीत हा भेद आपल्याला आयता मिळतो: ‘आहे’ आणि ‘असते’. प्रमाण इंग्रजीला त्यासाठी वेगळा शब्द जोडावा लागतो. म्हणजे त्या मुलाच्या वाक्यातला ‘बी’ खोडला तर त्याच्या दुःखाचा नेमका काळच आपण खोडतो. एका दिवसाचा थकवा आणि जन्माचा थकवा यांतला फरक पुसतो. वऱ्हाडी किंवा मालवणी बोलणाऱ्या मुलाला वर्गात हसल्यावर ते पुढे वर्षभर बोलत नाही, हे आपण पाहिलेले आहे. कवितेच्या तासाला स्पेलिंगसुद्धा सुधारू नका.

केवळ दुःखाच्या कविता करून घेण्याविषयी माझा स्पष्ट विरोध आहे. इलॉइझ ग्रीनफील्ड यांचे ‘हनी, आय लव्ह’ हे १९७८ चे पुस्तक मुख्यतः आवडत्या गोष्टींविषयी आहे, आणि माझ्या गटात ते मृत्यूविषयीच्या कवितांइतक्याच वेळा वाचले जाते. कृष्णवर्णीय मूल म्हणजे जखम, असे समजून येणाऱ्या दयाळू माणसांची येथे कमतरता नाही, आणि मुलांना ते लगेच कळते. मग ती तुम्हाला हवी तशी जखम लिहून देतात. याच कारणासाठी बारा वर्षांखालच्या मुलांना मी स्लॅम स्पर्धेत, म्हणजे मंचावर कविता सादर करून परीक्षकांकडून गुण मिळवण्याच्या स्पर्धेत, उतरवत नाही. स्लॅम याच शहरात जन्मला आणि २००१ मध्ये सुरू झालेल्या ‘लाउडर दॅन अ बॉम्ब’ या युवा महोत्सवाने हजारो किशोरवयीन मुलांना आवाज दिला, हे मला मान्यच आहे. पण परीक्षक जेथे आकडे दाखवतात तेथे लहान मूल एवढेच शिकते की भावाच्या मृत्यूला साडेनऊ आणि सायकलच्या कवितेला सहा. देणगीदारांच्या भोजनप्रसंगी मुलांना कविता वाचायला उभे करण्याविषयी तर मी बोलतच नाही. एका संस्थेत मी ते एकदा होऊ दिले. मुलगा वाचत होता, लोक डोळे पुसत होते, आणि घरी जाताना त्याने मला विचारले, पुढच्या वेळी अजून वाईट काही लिहू का.

कवितेच्या मर्यादा पहिल्याच दिवशी मुलांना सांगून ठेवाव्यात. मी गोलातच सांगते की येथे वाचलेले बाहेर जाणार नाही, पण कुणी तुम्हाला इजा करीत असेल, तुम्ही स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करणार असाल, तर मला ते सांगावे लागेल आणि मी सांगण्याआधी तुम्हाला कळवीन. गुपित ठेवण्याचे वचन कधीही देऊ नका. या राज्यात मुलावर अत्याचाराची शंका आल्यास ती कळवण्याचे बंधन माझ्यासारख्यांवर कायद्याने आहे. तुम्ही स्वयंसेविका असलात तरी त्याच संध्याकाळी समन्वयकाला सांगायचे, आठवडा थांबायचे नाही. मरणाविषयीची ओळ ही केवळ कविता आहे असे गृहीत धरू नका. या समाजात आत्महत्या होत नाहीत अशी एक जुनी समजूत आहे, आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने तिला धक्का दिला: पाच ते बारा वयोगटात कृष्णवर्णीय मुलांचे आत्महत्येचे प्रमाण गोऱ्या मुलांच्या जवळपास दुप्पट आढळले. आकडे लहान असतात, पण तुमच्या वर्गातले मूल आकडा नसते. मुलाला बाजूला घेऊन शांतपणे थेट विचारावे. विचारल्याने कल्पना डोक्यात शिरते, ही भीती निराधार आहे. २०२२ च्या जुलैपासून आत्महत्या व मानसिक संकटासाठीच्या मदतवाहिनीचा ९८८ हा क्रमांक देशभर चालतो, तो भिंतीवर मुलांच्या उंचीला लावून ठेवा. झोप उडालेली, जेवण सुटलेले, फटाक्याच्या आवाजाने टेबलाखाली शिरणारे मूल प्रशिक्षित समुपदेशकाकडे गेलेच पाहिजे. गोल त्याच्या जोडीने चालू राहील.

राहिला तुमच्या बाहेरचेपणाचा प्रश्न. मुले विचारतील, तुम्ही इंडियन का, तुमच्याकडे गोळ्या चालतात का, तुमच्या मुली कुठल्या शाळेत जातात. खरी उत्तरे द्या. ‘आम्हीसुद्धा वर्णद्वेष सोसला आहे’ हे वाक्य तोंडावर आले तरी गिळून टाका. ते खरे असले तरी त्या क्षणी ते मुलाच्या हातातली ओळ हिसकावून घेते. तुमच्या स्वतःच्या तयारीसाठी मात्र घरचे दुवे पुष्कळ आहेत. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या लोकांना, आणि १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर या संघटनेचे नाव घेऊन. मी स्वतः सवर्ण घरातली आहे; हे पुन्हा वाचताना मला जाणवले की या गोष्टीत माझ्या घराची जागा कागद फाडणाऱ्याच्या बाजूला नव्हती. त्या जाणिवेचा उपयोग मुलांना सांगण्यासाठी होत नाही, स्वतःची जीभ आवरण्यासाठी होतो. तुमचे काम खुर्च्या मांडण्याचे, वेळ सांभाळण्याचे, पुस्तके आणण्याचे, खाऊ पुरेल इतका आहे ना ते पाहण्याचे आणि आजींना गाडीतून आणून पोहोचवण्याचे आहे. एवढे करायला बाहेरचा माणूस चालतो, आणि एवढे करणारा माणूस येथे सहसा मिळत नाही.

येत्या मंगळवारी त्या मुलाने कागद का फाडला हे विचारू नका, आणि त्याच्या भावाचे नावही तुम्ही प्रथम काढू नका. वर्ग सुरू होण्याआधी त्याला एकट्याला गाठून इतकेच सांगा की गेल्या वेळी मी जे लिहायला सांगितले ते विचारण्याचा मला अधिकार नव्हता, माझे चुकले. मोठ्या माणसाने चूक कबूल केलेली त्याने फारशी ऐकलेली नसेल, त्यामुळे तो बहुधा खांदे उडवील. मग त्याच्याकडे चुटक्यांचे काम द्या: कुणी वाचताना थांबले तर पहिली चुटकी त्याची. मायकेलची कविता वाचा. ल्युसिल क्लिफ्टन यांचे ‘एव्हरेट अँडरसन्स गुडबाय’ हे १९८३ चे चित्रपुस्तक पिशवीत असू द्या. वडील गेलेल्या लहान मुलाचा राग, नकार आणि शेवटी त्याला आलेला जराशा उजेडाचा अनुभव त्यात अगदी थोड्या शब्दांत आहे. ते वाचून दाखवू नका, खाऊच्या टेबलावर इतर पुस्तकांबरोबर ठेवा. मला कळवा, ते कुणी उचलले.